आकाशातला उजेड आणि ठाण्यातली नोंद

या महिन्याच्या टपालात आकाशातल्या अनोळखी उजेडाबद्दलची पत्रं बरीच आली. त्यांतली चार घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्यात विचारलेलं अनेकांच्या मनात असतं आणि विचारायचं कुणाला ते कळत नाही.

प्रश्न: दिवाळी झाल्यावर एका रात्री लाईन आली म्हणून हरभऱ्याला पाणी द्यायला वावरात गेलो होतो. मोटर सुरू करून धुऱ्यावर बसलो, तर आकाशात मोठा पांढरा-पिवळा उजेड दिसला. बराच वेळ एकाच जागी होता. मधूनच लाल-हिरवा व्हायचा. मी चाललो की तोही चालायचा. शेवटी खाली खाली जात पलीकडच्या वावरात उतरल्यासारखा वाटला. आवाज अजिबात नाही. सकाळी तिथं जाऊन पाहिलं, काही नव्हतं. पोलीस ठाण्यात सांगितलं तर "घरी जाऊन झोपा" म्हणाले. अशा गोष्टीची सरकारी चौकशी होते का? करतं कोण?
(एक शेतकरी वाचक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर: भाऊ, ठाण्यात गेलात हे बरोबरच केलंत. रात्री वावरात एकट्या माणसाला न उमगणारं काही दिसलं, तर ते सांगायची जागा तीच. तिथून तुम्हाला असं वाटेला लावायला नको होतं. एखादा ड्रोन असेल, वरून काही पडलं असेल. नीट ऐकून घेतल्याशिवाय यातलं काय नव्हतं हे कुणालाच सांगता येत नाही.

आता चौकशीचं. आपल्या देशात आकाशातल्या अनोळखी उजेडांसाठी वेगळं असं सरकारी कार्यालय नाही. काय दिसलं आणि पुढं काय घडलं, त्यावर प्रकरण कुणाकडे जाईल ते ठरतं. जमिनीवर काही पडलं तर पोलीस पाटील, ठाणं, तहसीलदार, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष ही यंत्रणा हलते, पंचनामा होतो आणि वस्तू अंतराळातली वाटली तर इस्रोला कळवलं जातं. विमानतळाच्या आसपास काही दिसलं तर हवाई वाहतूक नियंत्रण आणि हवाई दल लक्ष घालतात. 19 नोव्हेंबर 2023 ला इंफाळ विमानतळाजवळ अनोळखी वस्तू उडताना दिसली, तेव्हा विमानांची ये-जा काही तास बंद ठेवली होती आणि शोधासाठी राफेल विमानं पाठवली होती. गावावर रात्री ड्रोन घिरट्या घालतात अशी तक्रार असेल तर ती पोलिसांकडे. 2024 च्या पावसाळ्यात बीडपासून पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागापर्यंत किती गावं या ड्रोनच्या भीतीनं रात्र रात्र जागली, ते वाचकांना आठवत असेलच.

तुमच्यासारखा नुसता उजेड दिसला आणि गेला, तर त्यात गुन्हा घडलेला नाही, म्हणून एफआयआर होणार नाही. पण लेखी अर्ज द्यायला काहीच अडचण नाही. साध्या कागदावर काय पाहिलं ते लिहा, दोन प्रती काढा, एक ठाण्यात द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, सही घेऊन पोच घ्या. तोंडी सांगितलेलं दहा मिनिटांत हवेत विरतं. आवक नोंदीत चढलेल्या कागदाला पुढं कुणीतरी हात लावण्याची शक्यता तरी उरते. शेजारच्या तीन गावांतून त्याच रात्रीचे तीन अर्ज आले, तर ते एकमेकांशी ताडूनही पाहता येतात.

घाबरून चुकीचं पाहिलं असं कुणी म्हणालं, तर त्याला लडाखचं उदाहरण सांगा. ऑगस्ट 2012 पासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत पँगाँग सरोवराच्या भागातल्या आपल्या जवानांना चीनच्या बाजूच्या आकाशात चमकणाऱ्या वस्तू दिसत होत्या. हेरगिरी करणारे ड्रोन असावेत असा संशय होता. अशा 329 नोंदी झाल्या. हे लोक पहाऱ्यावरचे, डोळे सरावलेले, मनानं खंबीर. शेवटी बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना बोलावलं गेलं. एक वस्तू संध्याकाळी अंधार पडता पडता दिसायची, दुसरी पहाटे चारच्या सुमाराला. शास्त्रज्ञांनी त्यांच्या जागा आणि चाल ताडून पाहिली. निघाले गुरू आणि शुक्र. जवानांना यात कमीपणा येण्यासारखं काही नाही. डोंगराळ भागात, विरळ आणि स्वच्छ हवेत हे ग्रह फार मोठे दिसतात. उलट त्यांनी रोजच्या रोज नोंद ठेवली म्हणूनच उत्तर मिळालं.

माझं सगळं सांगणं इथंच येऊन थांबतं. चौकशीला कितीही मोठी संस्था येवो, तिच्या हातात असतं ते पाहणाऱ्यानं टिपलेलं. तुमच्या पत्रात तारीख नाही, दिशा नाही, किती वाजले होते ते नाही. एवढ्यावरून तो उजेड कसला होता हे मी ठरवणार नाही आणि दिल्ली-बंगळूरच्या कुणालाही ते ठरवता येणार नाही.

तरी तुम्ही लिहिलेल्या चार गोष्टी बोलक्या आहेत. बराच वेळ एकाच जागी असणं, रंग बदलणं, तुमच्याबरोबर चालणं, हळूहळू खाली जाणं. क्षितिजाजवळच्या ताऱ्याचा किंवा ग्रहाचा प्रकाश आपल्यापर्यंत येताना हवेचा फार जाड थर ओलांडून येतो. हवेचे गरम-थंड पदर तो प्रकाश सतत वाकवतात, रंग वेगवेगळे फाकतात, म्हणून तो लाल-हिरवा लुकलुकतो. खूप लांबची वस्तू आपण चालताना जागा बदलत नाही, जवळची झाडं मात्र मागं सरकतात, म्हणून ती आपल्या सोबत चालते आहे असं वाटतं. लहानपणी चंद्र आपल्या बैलगाडीबरोबर यायचा तो याचमुळे. आणि मावळणारी वस्तू झाडांच्या रांगेमागं गेली की ती त्या झाडांपाशीच उतरली असं डोळा ठरवून टाकतो. रात्रीच्या आकाशात अंतर मोजायचं कुठलंही साधन डोळ्याकडे नसतं. हे फार पक्कं लक्षात ठेवा, कारण "वावरात उतरला" हे प्रत्येक साक्षीत येतं. सत्तर किलोमीटर उंचीवर जळणारा तुकडा क्षितिजापासून मूठभर (हात लांब करून धरलेल्या मुठीएवढा) वर दिसत असेल, तर तो आपल्यापासून तीनशे-साडेतीनशे किलोमीटरवर असतो.

म्हणजे तुम्ही ग्रह पाहिलात का? शक्य आहे. समोरून उतरत येणाऱ्या विमानाचा दिवाही कित्येक मिनिटं जागचा हलत नाही असा दिसतो. दिवाळीच्या दिवसांत लोक कागदी कंदील पेटवून सोडतात, तेही पिवळे, निःशब्द आणि शेवटी खाली येणारे. यांतलं कोणतं, ते तारखेवर आणि दिशेवर ठरेल. तारीख गेली असं समजू नका, तिचा धागा तुमच्याच पत्रात आहे. त्या रात्री लाईन होती. शेतीच्या फिडरला दिवसपाळी-रात्रपाळी ठरलेल्या वारांना असते, तेव्हा तुमच्याकडे रात्रीची लाईन कोणत्या वारांना होती ते लाईनमनला विचारा. हरभऱ्याचं ते पहिलं पाणी होतं की दुसरं, ते तुम्हाला पक्कं आठवत असणार. मोबाईलमध्ये त्या रात्री घरी फोन केल्याची नोंद असेल. एवढ्यावर दोन-तीन तारखांपर्यंत येता येईल.

दिशेसाठी दिवसा त्याच धुऱ्यावर, त्याच जागी बसा. उजेड कोणत्या झाडाच्या किंवा खांबाच्या वर होता ते आठवा आणि मोबाईलमधल्या होकायंत्रानं त्याची दिशा घ्या. उंचीसाठी हात सरळ लांब करून मूठ वळा. मुठीची रुंदी म्हणजे साधारण दहा अंश. क्षितिजापासून किती मुठी वर होता ते लिहा. मग आणखी एक साधी गोष्ट करा: आता रात्री जाल तेव्हा तिकडे पाहा. ग्रह रातोरात नाहीसा होत नाही. रोज साधारण चार मिनिटं लवकर त्याच जागी येतो आणि काही आठवडे सापडत राहतो. हे सगळं मला कळवा. त्या रात्रीच्या आकाशाचा नकाशा काढून तुमच्या दिशेला काय होतं ते मी तुम्हाला पत्रानं कळवीन. तिथं काहीच नव्हतं असं निघालं, तर तेही तितक्याच स्पष्टपणे लिहीन.

प्रश्न: 2022 च्या गुढीपाडव्याला आम्ही सगळ्यांनी अंगणातून आकाशात पेटते गोळे जाताना पाहिले. त्याच रात्री लाडबोरीला रिंग पडली. आधी उल्का म्हणाले, मग विमान, मग न्यूझीलंडचं रॉकेट, मग चिनी. इतक्या लवकर चिनी म्हणून कसं ठरलं? नक्की ठरलं का?
(एक वाचक, चंद्रपूर जिल्हा)

उत्तर: ताई, हे प्रकरण मला फार जवळचं आहे, कारण महाराष्ट्रात आकाशातला उजेड आणि जमिनीवरचा पुरावा इतका लख्खपणे एकमेकांना जोडला गेल्याचं दुसरं उदाहरण मी पाहिलेलं नाही.

2 एप्रिल 2022, शनिवार. संध्याकाळी पावणेआठ ते आठच्या दरम्यान खानदेशापासून विदर्भापर्यंत आणि मध्य प्रदेशातही लोकांनी मोठ्या शेपट्यांचे अनेक पेटते तुकडे एका ओळीत, सावकाश जाताना पाहिले. तेव्हाच सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूची एक रिंग कोसळली. व्यास दोन-तीन मीटर, वजन चाळीस किलोच्या वर. दुसऱ्या दिवशी त्याच तालुक्यात पवनपारजवळ धातूचा गोळा सापडला, मग शोध सुरू झाल्यावर आणखीही काही. गावकऱ्यांनी कळवलं, पोलिसांनी वस्तू सिंदेवाहीच्या ठाण्यात आणून ठेवल्या, जिल्हा प्रशासनानं वर कळवलं आणि त्याच महिन्यात इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन ते सगळं तपासून घेऊन गेले.

उल्का नाही, हे उजेडाच्या चालीवरूनच कळत होतं. उल्का सेकंदाला किमान अकरा किलोमीटर वेगानं हवेत शिरते, बऱ्याच तर त्याच्या कितीतरी पट वेगानं, आणि बघता बघता विझते. पृथ्वीभोवती फिरणारी मानवनिर्मित वस्तू खाली येते ती सेकंदाला सात-आठ किलोमीटरनं, जवळजवळ आडवी. त्यामुळे ती मिनिट-दीड मिनिट दिसत राहते, तुटते आणि तुकडे एकामागं एक चालतात. घरातल्यांना बोलावून बाहेर आणायला तुम्हाला वेळ मिळाला होता ना? मग ती उल्का नव्हती.

न्यूझीलंडचं नाव आलं त्यालाही कारण होतं. त्याच संध्याकाळी तिथून एक छोटं रॉकेट उपग्रह घेऊन सुटलं होतं, आणि वेळ जवळची असल्यानं काही अभ्यासकांनी सुरुवातीला तिकडे बोट दाखवलं. पण तेव्हा अमेरिकेतल्या हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्रात असलेले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल हे अशा वस्तूंचा वर्षानुवर्षं हिशेब ठेवतात. त्यांनी त्याच दिवशी सांगितलं की हा चीनच्या चांग झेंग 3-बी रॉकेटचा तिसरा टप्पा, म्हणजे सर्वांत वरचा भाग, आहे. ते रॉकेट फेब्रुवारी 2021 मध्ये सुटलं होतं.

हे कसं सांगता येतं? पृथ्वीभोवती फिरणाऱ्या मोठ्या तुकड्यांवर अमेरिकेची रडारं नजर ठेवून असतात आणि त्यांच्या कक्षांची माहिती जाहीर होते. तिसऱ्या टप्प्यानं उपग्रह वर पोचवला की तो टप्पा स्वतः लांबट कक्षेत फिरत राहतो. प्रत्येक फेरीत त्याचं एक टोक हवेच्या वरच्या थराला घासून जातं, थोडा वेग कमी होतो, कक्षा आक्रसते. असं वर्षभर चालतं आणि एक दिवस तो खाली येतो. तो कधी येईल हे तासाच्या हिशेबातही आधी नेमकं सांगता येत नाही. पण लोकांनी पाहिलेली वेळ आणि मार्ग हाती आले, की त्या वेळी त्या मार्गावर कोण होतं हे शोधणं सोपं होतं. नागपूर, अकोला, जळगावच्या लोकांनी काढलेल्या मोबाईल व्हिडिओंचा उपयोग इथं झाला. त्यात वस्तूही जुळल्या. या रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचा व्यास तीन मीटर. आणि गोळे म्हणजे दाबाखाली वायू किंवा इंधन साठवायच्या टाक्या. त्या जाड भिंतीच्या आणि गोल असतात. टायटॅनियमच्या असल्या तर तो धातू सोळाशे अंशांच्या वर वितळतो. बाकी सगळं जळून गेलं तरी त्या खाली पोचतात. म्हणून जगात कुठंही अशा वेळी गोळेच सापडतात.

त्या संध्याकाळी मी अमरावतीत आमच्या इमारतीच्या गच्चीवर होते. उजेड गेल्यावर सगळे एकदम बोलायला लागले. मी शेजाऱ्यांना हात जोडून सांगितलं की आधी कुणी कुणाशी बोलू नका, खाली जाऊन वहीचं पान घेऊन या. भौतिकशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे माझं ऐकतात. प्रत्येकानं वेगळं लिहिलं. तुकडे किती, यावर एकमत नाही. एकानं पेटलेलं विमान लिहिलं, खिडक्यांसकट. दिशा तर चौघांच्या चार. पण गच्चीवरून दिसणाऱ्या पाण्याच्या टाकीच्या कोणत्या बाजूनं ते आलं आणि कोणत्या इमारतीमागं दिसेनासं झालं, हे सगळ्यांनी सारखं लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या दोन खुणांवरून होकायंत्रानं आम्ही मार्ग काढला. माणसाला आकडे आणि आकार नीट आठवत नाहीत, पण ओळखीच्या खुणा आठवतात. साक्ष घेणाऱ्यानं "उत्तरेला की ईशान्येला?" असं विचारू नये, "कशाच्या मागं गेलं?" असं विचारावं.

प्रश्न: मी मूळची सांगलीची, सध्या तुलूझला शिकते. इथल्या अंतराळ संस्थेत सामान्य माणसानं पाहिलेल्या उजेडांची चौकशी करणारं कार्यालय आहे असं कळलं. ते खरंच चौकशी करतात का? आपल्याकडे असं का नको?
(एक विद्यार्थिनी)

उत्तर: करतात, आणि तू त्यांच्या शहरातच आहेस. फ्रान्सच्या राष्ट्रीय अंतराळ संस्थेनं, म्हणजे क्नेसनं, 1977 मध्ये तुलूझला हा विभाग सुरू केला. नावं बदलत गेली, 2005 पासून त्याला जेइपान म्हणतात. 2007 पासून त्यांनी जुनी प्रकरणं लोकांसाठी खुली केली, साक्षीदारांची नावं काढून.

त्यांची पद्धत मला फार आवडते. गावातला माणूस जवळच्या जांदार्मरीत, म्हणजे तिथल्या ग्रामीण पोलिसांकडे जातो. ते रीतसर जबाब लिहून घेतात आणि तुलूझला पाठवतात. किंवा साक्षीदार स्वतः छापील प्रश्नावली भरतो, चित्र काढतो. मग त्या वेळचं हवामान, विमानांची ये-जा, ग्रहताऱ्यांच्या जागा, उपग्रह, हे सगळं ताडलं जातं. शेवटी चार खान्यांपैकी एकात प्रकरण जातं: ए म्हणजे ओळख पटली, बी म्हणजे बहुधा पटली, सी म्हणजे माहिती अपुरी, डी म्हणजे माहिती चांगली असूनही उलगडा नाही. डीमध्ये शंभरात तीनेक प्रकरणं उरतात आणि सगळं लक्ष त्यांच्याकडेच जातं. मला सी जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात जवळपास एक तृतीयांश प्रकरणं आहेत. इतकी चांगली यंत्रणा, इतकी वर्षं, आणि तरी तीनातलं एक प्रकरण वेळ नाही, दिशा नाही, एकच साक्षीदार, म्हणून तसंच पडून राहतं.

आपल्या पाडव्यासारखी रात्र त्यांच्याकडेही होऊन गेली आहे. 5 नोव्हेंबर 1990 ला संध्याकाळी सातच्या सुमारास फ्रान्सभर हजारो लोकांनी आकाशातून दिव्यांचा समूह सरकताना पाहिला. अनेकांनी शपथेवर सांगितलं की एक प्रचंड त्रिकोणी यान होतं, दिवे त्याच्या कडांना होते आणि मधल्या काळ्या अंगानं तारे झाकले जात होते. तो सोव्हिएत प्रोटॉन रॉकेटचा तिसरा टप्पा होता, दोनच दिवसांपूर्वी उपग्रह घेऊन सुटलेला. तीन-चार पेटते तुकडे एकाच वेगानं चालत असले की डोळा त्यांच्यामधला काळोख भरून काढतो आणि एक वस्तू तयार करतो. हे लोक खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच दिसलं. म्हणून तर साक्षीदाराला वेड्यात काढायचं नाही आणि त्याचा निष्कर्षही जसाच्या तसा घ्यायचा नाही. त्याचं पाहणं आणि त्याचा अंदाज वेगवेगळे लिहून घ्यायचे.

अमेरिकेच्या हवाई दलानं 1952 ते 1969 अशी ब्लू बुक नावाची चौकशी चालवली. 12,618 प्रकरणांपैकी 701 उलगडली नाहीत, आणि मग ते काम बंद झालं. ब्रिटनच्या संरक्षण खात्यानं अशा नोंदी घेणारं आपलं टेबल 2009 मध्ये बंद केलं. या दोन्ही ठिकाणी मूळ प्रश्न होता, देशाला धोका आहे का. धोका नाही असं ठरलं की साक्षीदाराला उत्तर देणं कुणाचंच काम उरलं नाही. तुलूझला हे काम अंतराळ संस्थेकडे आहे, लष्कराकडे नाही, म्हणून ते टिकलं असं मला वाटतं.

आपल्याकडे का नको? हवंच. पण मी वेगळं खातं मागत नाही. जुलै 2022 मध्ये इस्रोनं बंगळूरला अंतराळातल्या वस्तूंवर लक्ष ठेवणारं केंद्र सुरू केलं आहे, विद्यापीठांत खगोलशास्त्र शिकवणारी माणसं आहेत, जिल्ह्याजिल्ह्यांत आकाशनिरीक्षकांची मंडळं आहेत. माझी मागणी एका पानाची आहे. प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात मराठीत छापलेला एक नमुना ठेवा. तारीख, वेळ, कुठं उभे होतात, उजेड कोणत्या खुणेजवळून कोणत्या खुणेपर्यंत गेला, किती मुठी वर, किती वेळ, आवाज आला का आणि किती वेळानं, आणखी कुणी पाहिलं. खाली चित्रासाठी चौकोन. भरलेला नमुना जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाकडे पाठवा आणि महिन्याभरात साक्षीदाराला दोन ओळींचं लेखी उत्तर द्या. वरच्या पत्रातल्या शेतकऱ्याला एवढंच हवं होतं. त्याला उत्तर मिळालं नाही की गावात दुसरं कुणीतरी उत्तर देतं: चोर आले, भूत आहे, शेजारच्या देशाचं यंत्र आहे. 2024 मध्ये ड्रोनच्या रात्री याच रिकाम्या जागेतून वाढल्या.

आणि तू एक कर. ते कार्यालय साक्षीदाराला कोणते प्रश्न कोणत्या क्रमानं विचारतं ते पाहून मराठीत उतरवून पाठव. आपल्या गावांना लागू पडेल असा नमुना आपण मिळून तयार करू आणि याच सदरात छापू.

मोबाईलवर चित्रण करणाऱ्यांसाठी इथंच सांगते, कारण याविषयी तीन जणांनी विचारलं आहे. झूम करू नका. झूम केल्यावर बिंदू पसरून तबकडी होते आणि ती तबकडी फोनच्या भिंगाची असते, आकाशातल्या वस्तूची नाही. फोन भिंतीला किंवा खांबाला टेकवा, चौकटीत झाड, छप्पर, तार असं काहीतरी येऊ द्या. मूळ फाईल जपून ठेवा. व्हॉट्सॲपवरून चार हात फिरलेल्या चित्रणातून कधीचं, कुठलं, हे बहुतेक वेळा निघून गेलेलं असतं.

प्रश्न: आकाशातून पडलेला तुकडा शेतात सापडला तर तो आपला का? आणि घराचं नुकसान झालं तर भरपाई कोण देणार?
(एक वाचक, वर्धा)

उत्तर: तुकडा आपला नाही. ज्या देशानं ती वस्तू अंतराळात पाठवली, तिची मालकी खाली पडल्यावरही त्याचीच राहते. 1968 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशी वस्तू सापडली की ती ज्या देशाची असेल त्याला आणि संयुक्त राष्ट्रांना कळवायचं असतं, आणि त्या देशानं मागितली तर परत द्यायची असते. आपणही कधी दुसऱ्या बाजूला असतो. जुलै 2023 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर एक मोठं नळकांडं वाहत आलं, तिथल्या अंतराळ संस्थेनं चौकशी केली आणि ते आपल्या पीएसएलव्ही रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचं निघालं.

हात मात्र लावू नका. टाकीत हायड्राझिनसारखं इंधन उरलं असेल तर ते विषारी असतं, त्वचेतून आणि श्वासातून जातं. मुलांना, गुरांना दूर ठेवा, लांबून फोटो घ्या, 112 ला फोन करा. गोळा घरी नेऊन ठेवणारे, कापून भंगारात द्यायला निघालेले लोक आहेत, म्हणून हे बजावून सांगते.

भरपाईचा करार 1972 चा आहे. जमिनीवर झालेल्या नुकसानीला वस्तू पाठवणारा देश पूर्ण जबाबदार असतो, त्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. पण दावा तुम्हाला स्वतः करता येत नाही, तो भारत सरकारनं त्या देशाकडे करायचा आणि एका वर्षाच्या आत करायचा. जानेवारी 1978 मध्ये सोव्हिएत युनियनचा अणुभट्टी असलेला कॉसमॉस 954 हा उपग्रह कॅनडाच्या उत्तर भागात कोसळला. कॅनडानं सुमारे साठ लाख डॉलर मागितले, 1981 मध्ये तीस लाखांवर तडजोड झाली. सरकार दावा करणार तो तुमच्या घरासमोर झालेल्या पंचनाम्याच्या आधारानं. त्यात "रात्री काहीतरी पडले" असं लिहू देऊ नका. मिनिटासह वेळ, उजेड कोणत्या बाजूनं आला, आवाज किती वेळानं आला, वस्तूचं माप, आणि पाहणाऱ्या दोघा-तिघांचे वेगवेगळे जबाब, एवढं लिहिल्याशिवाय सही करू नका, आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्या.